आरती पाठ म्हणतात, मग पाणी मागता का येत नाही?

प्रश्न : आमच्या आबांना मागच्या वर्षी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. हातपाय सुधारले पण बोलणं अडकलंय, डॉक्टर अफेजिया म्हणाले, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा वापरणं अवघड होणं. सकाळी घरात माझ्याशी बऱ्यापैकी बोलतात आणि महाद्वार रोडला नेलं की तोंडातनं शब्द फुटत नाही. एकदा चहा म्हणाले की पेपर दाखवला तरी चहाच. आरती मात्र सगळी म्हणतात! भाऊ म्हणतो मुद्दाम करतात, शेजारच्या काकू म्हणतात डोकं गेलं. खरं काय?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुद्दाम तर अजिबात नाही आणि डोकंही गेलेलं नाही, काकूंना स्पष्ट सांगून टाका. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी जो पेशंट जगापुढे आणला तो 'टॅन' एवढंच बोलू शकायचा, पण त्याला समोरच्याचं बरंच कळायचं.

आबांचे शब्द पुसले गेले असते तर सकाळी कुठनं आले असते? शब्द आहेत, ते शोधून काढायला आता लक्ष जास्त खर्च होतं. एका मोटरवर चार रानांना पाणी सोडलं की शेवटच्या सरीला पोचतच नाही, तसं महाद्वार रोडला हॉर्न, गर्दी, ओळखीचे लोक, पायाखालचा रस्ता हे सगळं सांभाळण्यात लक्ष संपतं आणि बोलायला काही उरत नाही. प्रयोगांतही हेच दिसलंय, चित्राचं वर्णन करता करता मधेच वाजणारे आवाज ओळखायला सांगितले की अफेजिया असलेल्यांना शब्द सापडेनासे होतात, वाक्यं तुटतात.

'चहा'चं कारण वेगळं. आधीचा शब्द मागे सारून नवा पुढे आणावा लागतो आणि तो ब्रेकच ढिला झालाय. अशा वेळी 'अहो पेपर, पेपर!' म्हणून मागे लागू नका, जरा थांबा, विषय बदला, मग परत विचारा. आरती घोकून घोकून पक्की झालेली असते, ती आपोआप येते, पण पाणी मागायला वाक्य नव्यानं जुळवावं लागतं. (काही पेशंटना शिव्याही अशाच अस्खलित येतात, तेव्हा दचकू नका.)

लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात डोक्यात धरून ठेवावी लागते, तिथंही त्यांची ओढाताण होते. म्हणून 'दार लावून घ्या आणि येताना चष्मा आणा' असं एकदम सांगू नका, दार लावू दे, मग चष्म्याचं बोला. टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकानंच बोला, आणि शब्द तुम्हाला माहीत असला तरी लगेच पुरवू नका, हे सगळ्यात अवघड जातं! महत्त्वाचं बोलणं सकाळीच उरका, थकल्यावर नको.

स्पीच थेरपी सोडू नका, आणि थेरपिस्टना लक्ष आणि स्मरणशक्तीही तपासायला सांगा, पण चित्रं दाखवून, बोटानं खूण करायला लावून. तोंडी प्रश्न विचारले तर बोलता येत नाही म्हणून नापास होतील आणि घरचे म्हणतील विसरायला लागले.

भावाला हे पान वाचायला द्या, आबांसमोर नको.