हळदीकुंकवाला यजमान गेलेल्या काकूंना बोलवावं का?

तुम्ही लिहिलंय की येत्या शनिवारी तुमच्याकडे लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू आहे. समोरच्या काकूंचे यजमान दीड वर्षापूर्वी गेले. त्यांना बोलवावं का, बोलावलं तर कुंकवाचं काय करावं, सासूबाई 'कशाला उगीच' म्हणतात त्यांना काय सांगावं, आणि पंचवीस जणींना वाण काय द्यावं.

बोलवा. पण बोलवायचं तर पुरतं बोलवा. घरात घेऊन पंगतीत वगळणं हे न बोलावण्यापेक्षा वाईट, आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये.

माझे वडील २०१४ च्या गणपतीत गेले. आई त्यानंतर आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आली. वर्षश्राद्ध झालं, आणि २०१६ च्या जानेवारीत आमच्याच इमारतीतल्या, चौथ्या मजल्यावरच्या बाई बोलवायला आल्या. "दोघी या हं, मायलेकी. आजींना मुद्दाम आणा," असं दारात उभं राहून म्हणाल्या. आई आतून ऐकत होती. दीड वर्षात पहिल्यांदा तिनं स्वतःहून कपाट उघडलं. मोरपंखी नारायणपेठ काढली, निरीला चिमटा लावून दोनदा सोडली, पुन्हा नेसली. "फार गडद नाही ना दिसत?" म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, छान दिसतेस.

तिथं बायका सतरंजीवर बसल्या होत्या. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला भिंतीकडेला खुर्ची दिली होती, मी तिच्या पायाशी. बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन एकेकीपाशी येत होत्या, मागे त्यांची सून गुलाबदाणी घेऊन, तिच्यामागे ओटीची परात. बोरं, गाजराचे तुकडे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. वाण होतं स्टीलची चहाची गाळणी.

मला कुंकू लावून झालं. आईनं तोवर पदर मांडीवर उलगडून दोन्ही हातांवर धरला होता, ओटीसाठी. पन्नासेक वर्षांची सवय ती. बाईंची अनामिका करंड्यात होती. त्यांनी मान वर केली, आईकडे पाहिलं, बोट ताटाच्या काठाला पुसलं आणि पुढच्या बाईकडे सरकल्या. सुनेच्या लक्षात काही आलंच नाही. ती नवीन होती. तिनं आपलं गुलाबपाणी आईवर शिंपडलं, मग सासूचा चेहरा पाहिला आणि गोंधळून थांबली. आई पाण्याचे थेंब तसेच गालावर ठेवून बसली होती. मग तिनं पदराची एकेक घडी घालून तो खांद्यावर घेतला.

शेवटी कागदी रुमालात तिळगुळाची एक वडी आली. "आजी, तोंड गोड करा." आईनं खाल्ली, "वडी खुसखुशीत झालीय हं," असं म्हणालीसुद्धा. लिफ्टमध्ये माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "आपल्याकडे गाळणी आहेच."

मी त्या घरात एक शब्द बोलले नाही. भरल्या ओटीनं बसून राहिले. उठायला हवं होतं, आणि ते मला अजून टोचतं.

रात्री इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आले. 'सर्व सुवासिनींचे मनापासून आभार' असं वर लिहिलेलं. एका फोटोत कडेला आई होती, खुर्चीत, रिकामे हात मांडीवर. तिला तेव्हा नुकताच फोन घेऊन दिला होता. तिनं तो फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि मला विचारलं, "मी यात कशाला आहे गं?" म्हणून तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. शनिवारचे फोटो काढण्याआधी विचारा, टाकण्याआधी पुन्हा विचारा, आणि फोटोंवर 'सुवासिनी' असं काही लिहू नका. ज्या बाईचा फोटो आहे तिला तो आधी दाखवायला किती वेळ लागतो?

आता माझ्या ताईचं म्हणणं ऐका, कारण तुमच्या सासूबाई बहुतेक तेच म्हणत असतील. ताई मला त्या रात्रीच फोनवर म्हणाली, "रीत माहीत आहे ना, मग आईला न्यायचंच कशाला? त्या बाईंची पण पंचाईत केलीस." आजही ती हेच म्हणते. तिच्या मते न बोलावणं हाच समंजसपणा, कारण मग कोणाची मान खाली जात नाही. घर मोठ्या मनाचं आहे माझ्या बहिणीचं, पाहुण्याला चहाविना सोडणार नाही, पण या एका बाबतीत ती चूक आहे. न बोलावल्यानं फक्त तुमची पंचाईत टळते. समोरच्या दाराआड बसलेल्या बाईला जिन्यातल्या चपला मोजता येतात. बांगड्यांचा आवाज भिंतीतून येतो. 'त्यांना वाईट वाटेल' म्हणून आपण तिला वगळतो, आणि वाईट वाटतं की नाही हे तिला कोणी विचारत नाही.

आणि रीत म्हणाल तर आई कुंकू लग्नाआधीपासून लावत होती. परकर-पोलक्यातल्या फोटोत तिच्या कपाळावर आहे. तिच्या आजीनं दिलेली मेणाची डबी आमच्याकडे अजून आहे. आधी मेणाचं बोट टेकवायचं, मग त्यावर पिंजर. ते कुंकू वडिलांनी आणलेलं नव्हतं. त्यांच्याबरोबर जावं असं त्यांनाही वाटलं नसतं, हे मी मुलगी म्हणून खात्रीनं सांगते.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की हे कर्वेनगरात घडलं. ज्यांच्या नावानं ते नगर आहे त्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं. मुरूडला त्यांच्या गावानं वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला, म्हणजे आमच्या अंगणातच. त्या रस्त्यानं रोज भाजीला जाणाऱ्या आम्ही बायका, आणि बोट ताटाला पुसतो.

ताई म्हणते, ही शहरातली शिकल्या बायकांची खुळं. तर शिरोळ तालुक्यातलं हेरवाड काय शहर आहे? कोरोनात किती तरी तरण्याताठ्या बायकांचे नवरे गेले. त्यानंतर, ४ मे २०२२ ला, हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. १७ मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याच वाटेनं जायला सांगितलं. मी ते बातमीचं कात्रण ताईला पाठवलं. तिनं उत्तर दिलं नाही. मी अजून वाट बघतेय.

कुंकवाचं काय करायचं, तर आमच्याकडची पद्धत सांगते. २०१७ पासून मी दरवर्षी हळदीकुंकू करते. पहिल्या वर्षी आईचं कुंकू सगळ्यांत आधी लावलं, तिच्या मर्जीनं. मग त्याच भरात शेजारच्या एका वयस्कर मावशींच्या कपाळालाही बोट टेकवलं. त्यांचे यजमान जाऊन वीस वर्षं झाली होती. सगळ्यांदेखत त्या काही बोलल्या नाहीत, पण घरी जाताना जिन्यात पदरानं कपाळ पुसताना मला दिसल्या. मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू चांगल्या मनानं केलंस, पण मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. मी त्यांच्यासाठी सोडलंय ते." तेव्हापासून मी बोलवायला जाते तेव्हाच, दारात कोणी नसताना, विचारून घेते. आणि त्या दिवशी प्रत्येकीला, अगदी कालच लग्न झालेल्या मुलीलासुद्धा, "लावू ना?" असं म्हणूनच बोट पुढे करते. सगळ्यांना विचारलं की एकीलाच विचारल्यासारखं होत नाही. कोणी नको म्हणालं तर अत्तर लावायचं. ओटी आणि वाण मात्र सगळ्यांना सारखं, त्याच परातीतून, त्याच क्रमानं. ओटीला नको म्हणणाऱ्या असतील तर तेच सामान पिशवीत घालून द्या. वेगळी वडी, वेगळा कागदी रुमाल, हे करू नका.

सासूबाईंचं मी लांबून काय सांगणार? घर त्यांचंही आहे, आणि पहिल्याच वर्षी भांडण काढा असं मी म्हणणार नाही. पण काकूंना बोलवायचं ठरलं तर सासूबाईंना आधी सांगा. ऐनवेळी ताट त्यांच्या हातात असलं तर सगळं त्यांच्या बोटावर राहील. ताट तुम्ही घ्या. हळदीकुंकू तुमचं आहे. आणि त्यांचं मन अजिबात वळत नसेल तर काकूंना त्या दिवशी बोलावून अवमान करू नका. दुसऱ्या दिवशी तिळगूळ आणि तेच वाण घेऊन स्वतः त्यांच्या घरी जा, तासभर बसा. हे मला पटत नाही, पण बोट पुसण्यापेक्षा बरं.

वाणाला जे रोज हाताशी लागेल ते द्या. गाळणी देऊ नका एवढंच म्हणेन, आणि ते माझं वैयक्तिक आहे.

काकूंकडे शुक्रवारपर्यंत थांबू नका, आज-उद्याच जा. दुपारी चारच्या सुमारास, त्या चहा टाकतात तेव्हा. आत जाऊन बसा, दारातून बोलावू नका. साडी ठरवायला त्यांना दोन दिवस मिळू देत.