गाणं कुणाचं, जाहिरात कुणाची?

जुन्या रॉक संगीतातलं तत्त्व आणि त्यामागचा पैसा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : नायकीच्या बुटांच्या जाहिरातीत बीटल्सचं ‘रेव्होल्यूशन’ वाजलं. बंडाची भाषा करणाऱ्यांनी ते विकलंच कसं? (नाशिक)

बीटल्सनी विकलं नव्हतं. त्यांच्याच ॲपल या संगीत कंपनीने त्या जाहिरातीविरुद्ध दावा लावला होता. घोळ समजण्यासाठी एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क म्हणजे पब्लिशिंग, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क म्हणजे मास्टर. चित्रफितीवर मूळ गाणं लावायचं तर दोन्ही मालकांची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते.

1987 साली यातला एकही हक्क बीटल्सच्या हातात नव्हता. मास्टर कॅपिटल-ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडे होतं. पब्लिशिंगची कथा जुनी आहे. बीटल्समधले गीतकार लेनन-मॅकार्टनी यांच्या गाण्यांसाठी 1963 मध्ये नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी निघाली, 1965 मध्ये तिचे शेअर लंडनच्या बाजारात आले आणि 1969 मध्ये ती एटीव्ही या ब्रिटिश टीव्ही कंपनीच्या ताब्यात गेली. 1985 मध्ये मायकल जॅक्सनने एटीव्हीचा गाण्यांचा साठा 4 कोटी 75 लाख डॉलरला घेतला. नायकीने दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे अडीच लाख डॉलर मोजले आणि रीतसर परवानगी मिळवली. लेननची पत्नी योको ओनो हिची संमती होती असंही नायकीचं म्हणणं होतं. ॲपलने दीड कोटी डॉलरचा दावा लावला, तो 1989 मध्ये कोर्टाबाहेर मिटला.

तेव्हा तत्त्व कुठे सुटलं हे शोधायचं असेल तर 1987 नव्हे, 1965 पाहा. कंपनीचे शेअर बाजारात आले की उद्या मालक कोण असेल हे गीतकाराच्या हातात राहत नाही.

प्रश्न : डोअर्सच्या जॉन डेन्समोरने कोट्यवधींची जाहिरात नाकारली म्हणतात. एकट्या ड्रमरला एवढा अधिकार कसा? (ठाणे)

बँडच्या अंतर्गत कराराने दिला म्हणून. डोअर्समध्ये चौघांचा वाटा समान होता आणि महत्त्वाच्या निर्णयाला चौघांचीही संमती लागायची. हा करार किती मोलाचा, हे 1968 मध्ये कळलं. ब्यूइक मोटारीसाठी ‘लाइट माय फायर’ देण्याचं बाकी तिघांनी मान्य केलं, तेव्हा गायक जिम मॉरिसन संपर्कात नव्हता. परतल्यावर तो भडकला, स्टेजवर ब्यूइक फोडीन म्हणाला, आणि बेत बारगळला. गंमत अशी, की ‘लाइट माय फायर’ मुख्यतः गिटारवादक रॉबी क्रीगरने लिहिलेलं. मॉरिसनचा आक्षेप स्वतःच्या ओळींसाठी नव्हता, बँडच्या नावासाठी होता.

मॉरिसन 1971 मध्ये गेला. 2000 नंतर कॅडिलॅक मोटार कंपनीकडून दीड कोटी डॉलरच्या घरातली ऑफर आली, तेव्हा डेन्समोरने त्याच कलमावर बोट ठेवलं. बँडमधले बाकी दोघे, रे मँझारेक आणि क्रीगर, डोअर्सचं नाव लावून दौरे करत होते, त्यावरून डेन्समोर कोर्टात गेला. तिथे त्याच्या या नकारावरच आरोप झाले. निकाल मात्र त्याच्या बाजूने लागला. या नकारात त्याचा स्वतःचा चौथा हिस्साही बुडाला, म्हणूनच आम्ही त्याला मानतो.

कॅडिलॅकने 2002 पासून लेड झेपेलिन या बँडचं ‘रॉक अँड रोल’ वाजवलं. झेपेलिनवर त्या वेळी फार टीका झाली. आमच्या मते ती जास्तच होती. त्या गाण्यात कुठलीही भूमिका नाही, मग मोडली काय?

प्रश्न : गाण्याचा अर्थच उलटवला तर? (सांगली)

‘फॉर्च्युनेट सन’ हे याचं नेमकं उदाहरण. जॉन फोगर्टीचं 1969 चं हे गाणं व्हिएतनामच्या युद्धात न जाणाऱ्या बड्या घरच्या पोरांवर आहे. रँग्लर जीन्सच्या जाहिरातीत झेंड्याच्या उल्लेखाच्या सुरुवातीच्या ओळी ठेवल्या आणि पुढचा टोला कापला. उरली देशभक्ती! फोगर्टीला ते मुळीच पसंत नव्हतं, पण त्याच्या क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडने तरुणपणी फँटसी रेकॉर्ड्सशी केलेल्या करारात हक्क गेलेले होते. त्या जाहिरातीच्या आधीच याच कंपनीने, फोगर्टीचं 1985 चं नवं गाणं त्याच्याच 1970 च्या गाण्याची नक्कल आहे, असा दावा लावला. त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून फरक दाखवला आणि 1988 मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांच्या खर्चाचा मुद्दा 1994 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पब्लिशिंगचा बहुतांश हिस्सा त्याला मिळाला तो थेट 2023 मध्ये.

प्रश्न : मूळ गाणं न घेता तसाच आवाज काढून जाहिरात केली तर कायद्यात बसतं का? (पणजी)

कॅलिफोर्नियात दोन कंपन्यांना ते महागात पडलं. फोर्ड मोटारीच्या जाहिरात एजन्सीने गायिका बेट मिडलरच्या गाण्याची पब्लिशिंगची परवानगी घेतली होती, पण तिने नकार दिल्यावर तिच्याच साथीच्या गायिकेकडून तिच्यासारखं गाऊन घेतलं. 1988 मध्ये अपील कोर्टाने ठरवलं, की प्रसिद्ध गायकाचा ओळखीचा आवाज विक्रीसाठी मुद्दाम उचलणं बेकायदा आहे. त्याच वर्षी फ्रिटो-ले कंपनीने गायक टॉम वेट्सच्या ‘स्टेप राइट अप’ या गाण्याच्या ढंगात, त्याच्यासारख्या घोगऱ्या आवाजात डोरिटोजची जाहिरात केली. हे गाणं मुळात जाहिरातबाजीचीच टिंगल आहे! वेट्सला नुकसानभरपाईचे 3,75,000 आणि दंडात्मक 20 लाख डॉलर मिळाले, 1992 मध्ये ते अपिलातही टिकले.

प्रश्न : आमचा पुण्यात चौघांचा रॉक बँड आहे. एक जाहिरात एजन्सी आमच्या गाण्याचे सगळे हक्क एकरकमी मागते आहे. काय पाहावं? (पुणे)

‘सगळे हक्क’ हे शब्द खोडायला लावा. जाहिरातीला हक्क विकत घ्यावे लागत नाहीत, परवाना पुरतो. त्यात चार गोष्टी आकड्यांत हव्यात : मुदत (सहा महिने की वर्ष), प्रदेश, माध्यमं (टीव्ही, यूट्यूब, सिनेमागृह, प्रत्येक वेगळं) आणि कापलेल्या तुकड्याची लांबी. पाचवी गोष्ट म्हणजे अंतिम कटला तुमची लेखी मंजुरी, कारण फोगर्टीचं जे झालं ते इथेच अडवता येतं. एजन्सी ‘एक्सक्लुझिव्ह’ मागेल, म्हणजे गाणं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. तेवढ्या उत्पादनाच्या वर्गापुरतं द्या आणि त्याचे वेगळे पैसे घ्या.

भारतीय कॉपीराइट कायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा तुमच्या बाजूने आहे. कलम 19 प्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं छापून त्यावर सही केलीत तर हे संरक्षण जातं. बहुतेक फसवणूक इथेच होते. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा कराराने काढून घेता येत नाही. त्यासाठी मुंबईच्या आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर कलम 57 आहे. मात्र कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा मंजुरीचं कलम स्वस्त पडतं.

घरातलं भांडण त्याहून आधी मिटवा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचे किती टक्के हे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या करा, तेही पैसे यायच्या आत. नकाराला चौघांची सहमती लागेल की एकाचा नकार पुरेल, हेही त्यातच ठरवा. ध्वनिमुद्रण कुणाच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर झालं तेही नोंदवा, कारण कायद्यात तोच निर्माता आणि मास्टरचा पहिला मालक. मित्राने स्टुडिओ फुकट दिला असेल तर त्याच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या.

आणि मिक्स करतानाच गायनाशिवायची प्रत वेगळी काढून ठेवा, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ वेव्ह फाइल. निवेदनाखाली वाजवायला एजन्सी तीच मागते. नसली तर शब्द हवे तिथे कापून स्वतःच जोडते.