ऑफिस चुकत नाही, भांडण नाही, तरी रोज रात्री लागतेच

ताई, यजमान रोज जेवणाआधी पितात, पण आरडाओरडा नाही, ऑफिसची दांडी नाही, मग याला व्यसन म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. मला दारू सोडून नऊ वर्षं झाली. त्याआधी चौदा वर्षं प्यायलो आणि पिण्यापायी एकदाही दांडी मारली नाही. त्यामुळे ऑफिसचा निकष आधी बाजूला ठेवा.

न पिता त्यांची संध्याकाळ कशी जाते ते बघा. पाहुणे उशिरापर्यंत बसले की चिडचिड होते का? बाहेरगावी जाताना पहिली चौकशी कसली असते? मुलीच्या गॅदरिंगमधून तिचा नाच व्हायच्या आत मी उठून आलो होतो, कारण दुकान बंद झालं असतं. २ ऑक्टोबरचा ड्राय डे मला १ तारखेलाच आठवायचा आणि कपाटात क्वार्टर येऊन पडायची.

'त्यांना चढत नाही' असं तुम्ही लिहिलंय, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. पूर्वी ६० मिलीत भागायचं तिथे आता १८० लागत असेल, तर शरीर सरावलंय. यकृताला मात्र सगळीच दारू निस्तरावी लागते. आमच्या मित्रमंडळींत याचं कौतुक व्हायचं, 'गडी पचवतो' म्हणून.

डॉक्टर साधारण चार प्रश्न विचारतात: कमी करावी असं कधी वाटलं का, कुणी टोकलं की राग येतो का, अपराधी वाटतं का, आणि सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागली का. दोनांचं उत्तर 'हो' आलं तरी नीट तपासून घ्यायला हवं. माझी तीन 'हो' होती. चौथं बँकेत सही जुळेना तेव्हा आलं. हात स्थिर व्हावा म्हणून सकाळी नऊला घोट घेतला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्यांना शपथ घालून एकदम बंद करायला लावू नका. रोज बरीच पिणाऱ्याने अचानक सोडली तर काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात आणि जीवही जाऊ शकतो. मी हट्टाने सोडली आणि तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. दवाखान्यात न्यावं लागलं. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि त्यांना प्रमाण खरं सांगून.

जेवणातून गुपचूप द्यायच्या औषधांच्या वाटेलाही जाऊ नका. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ते औषध) असेल आणि यजमान वरून दारू प्यायले तर जिवावर बेतू शकतं.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. यजमान तयार नसले तरी अल-अनॉनच्या मीटिंगला तुम्ही एकट्या जा, ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असते. मी सोडायला तयार होण्याआधी आठ महिने माझी बायको जात होती. तिथे जायला लागल्यावर तिने माझ्यासाठी नातेवाइकांना सबबी सांगणं बंद केलं. त्यानंतर भावाच्या घरचं बोलावणं आलं, तेव्हा 'आम्ही का येत नाही' हे मला स्वतःला फोनवर सांगावं लागलं.