घरच्या व्यायामासाठी २४ हजारांचे डंबेल घ्यावेत का?

डोंबिवलीच्या एका वाचकांनी पुढील प्रश्न पाठवला आहे. ‘मी ३८ वर्षांचा असून खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतो. दरमहा ६२,००० रुपये हातात येतात. त्यांतून गृहकर्जाचा २४,३०० रुपयांचा हप्ता आणि साधारण ३३,००० रुपये घरखर्च जातो. बँकेत ८५,००० रुपयांची मुदत ठेव आहे आणि क्रेडिट कार्डावर १८,४०० रुपयांची थकबाकी काही महिने पुढे ढकलली जात आहे. जिमची १४,००० रुपयांची वार्षिक फी पुढच्या महिन्यात भरायची असून ती रक्कम मी बचत खात्यात बाजूला ठेवली आहे. प्रत्यक्षात मात्र महिन्यातून चार-पाच दिवसच जाणे होते. पत्नीलाही डॉक्टरांनी वजने घेऊन व्यायाम करायला सांगितले आहे. म्हणून जिम बंद करून, चकती फिरवून वजन बदलता येणारे प्रत्येकी २४ किलोचे डंबेल २३,९९९ रुपयांना, सहा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावेत असा विचार आहे. एकरकमी घेतल्यास तेच २२,४९९ रुपयांना मिळतात. जवळच्या दुकानात रॉड आणि सुट्या प्लेट्सही आहेत. रबरी आवरणाच्या प्लेट्स १३० रुपये किलो आणि नटांसह रॉडची जोडी ९०० रुपये. हा खर्च आरोग्यातील गुंतवणूक समजावा का आणि त्यावर करसवलत मिळते का?’

नमस्कार. आपण सर्व आकडे मोकळेपणाने कळवलेत, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. घरी व्यायाम सुरू करण्याचा आपला विचार मला योग्य वाटतो. हे डंबेल आणि ही हप्त्यांची पद्धत मात्र आपल्या आजच्या स्थितीत योग्य वाटत नाही. आपल्याला वर्षभर पुरेल एवढे वजन विकत घ्यावे आणि वजन झटपट बदलून देणाऱ्या यंत्रणेसाठी तूर्त पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. त्यामागचा हिशेब मी सविस्तर मांडतो.

सुरुवात क्रेडिट कार्डापासून करावी लागेल, कारण डंबेलच्या निर्णयावर सर्वांत मोठा परिणाम त्याचाच होतो. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरले, तर १८,४०० रुपयांवर दरमहा ६४४ रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मिळून ७६० रुपये जातात. वर्षभर थकबाकी तेवढीच राहिली असे धरले तरी ही रक्कम ९,१०० रुपयांच्या पुढे जाते. पुढे मी जे साहित्य सुचवणार आहे, ते चटईसह याहून कमी पैशांत येते. शिवाय थकबाकी पुढे नेत असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे त्या कार्डाने घेतलेल्या किराणा मालावरही आपण खरेदीच्या दिवसापासून व्याज भरत असता. मुदत ठेवीवर सात टक्के मिळत असतील, तर १८,४०० रुपयांवर वर्षाला १,२८८ रुपये मिळतात. ठेव तशीच ठेवून थकबाकी सांभाळणे हा व्यवहार आपल्याला दरमहा तोट्याचाच पडतो आहे.

आता हप्त्यांकडे पाहू. बँकांनी शून्य टक्के व्याजाच्या योजना देऊ नयेत, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावले आहे. त्यामुळे ज्याला बिनव्याजी हप्ता म्हटले जाते, त्यातही बँक व्याज लावते. विक्रेता तेवढी सूट किमतीत आधी देतो आणि बेरीज छापील किमतीशी जुळते. मात्र त्या व्याजावरचा जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. व्याजदर १६ टक्के धरला, तर २३,९९९ रुपयांच्या सहा हप्त्यांत सुमारे १,०८० रुपये व्याज दडलेले असते आणि त्यावर साधारण १९५ रुपये जीएसटी लागतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असल्यास करासह आणखी २३५ रुपये. म्हणजे हातात पडेपर्यंत किंमत सुमारे २४,४३० रुपये होते, आणि एकरकमी भावाशी तुलना केली तर हप्त्यांची सोय आपल्याला १,९३० रुपयांना पडते.

याहून गंभीर बाब महिन्याच्या ताळमेळाची आहे. गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च वजा जाता आपल्याकडे ४,७०० रुपये उरतात. कार्डाची किमान देय रक्कम थकबाकीच्या पाच टक्के धरली, तर त्यातले ९२० रुपये तिकडे जातात आणि ३,७८० रुपये राहतात. डंबेलचा हप्ता ४,००० रुपयांचा आहे आणि तो कार्डाच्या किमान देय रकमेत पूर्णपणे धरला जातो. म्हणजे पहिल्याच महिन्यात २२० रुपये कमी पडतील, आणि घरात काही अनपेक्षित निघाले तर थकबाकी वाढेल. आपल्या उत्पन्नाला हा हप्ता झेपत नाही, हे मी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पैशांचा प्रश्न बाजूला ठेवून वस्तूचा विचार केला, तरी चकतीच्या डंबेलचे गुण मान्य करावेच लागतात. २४ किलोच्या बहुतेक जोड्यांत सुरुवातीच्या टप्प्यांत वजन सुमारे एकेक किलोने वाढते, आणि हलक्या वजनाच्या व्यायामांत ते फार उपयोगी ठरते. साडेचार किलोने खांद्याचा व्यायाम करणाऱ्याला अडीच किलो एकदम वाढवायला सांगितले, तर ती वाढ निम्म्याहून अधिक होते आणि हात वर जाण्याऐवजी पाठ वाकते. साडेचौदा किलोने रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणे) करणाऱ्याला तीच वाढ जेमतेम सहाव्या हिश्शाची असते. जागाही कमी लागते आणि दोन सेट्समधला वेळ वाचतो.

उणिवा मात्र जाहिरातींत दिसत नाहीत. या डंबेलची लांबी वजन कमी केले तरी तेवढीच, सुमारे ४० सेंटिमीटर, राहते, त्यामुळे आपल्या पत्नींना तीन-चार किलोवर व्यायाम करतानाही ते अवजड वाटतील. आतली खाच किंवा दाता झिजला, तर संपूर्ण डंबेल निकामी होतो आणि सुटा भाग मिळणे सर्वस्वी विक्रेत्यावर अवलंबून असते. जमिनीवर टाकलेले तर त्यांना अजिबात चालत नाही. सुरक्षिततेचा मुद्दा मी विशेष गांभीर्याने घेतो. या प्रकारातला सर्वाधिक परिचित नमुना बोफ्लेक्सचा. त्याच्या ५५२ आणि १०९० या मॉडेलचे सुमारे ३८ लाख डंबेल जून २०२५ मध्ये अमेरिकेत परत मागवण्यात आले, कारण व्यायाम सुरू असताना प्लेट्स मुठीपासून सुटून पडू शकत होत्या. मूळ बोफ्लेक्स कंपनी त्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, दिवाळखोरीत गेली होती आणि तिची मालमत्ता जॉन्सन हेल्थ टेकने घेतली. नावाजलेल्या उत्पादनाची ही गत असेल, तर त्याच रचनेवर बेतलेल्या आणि तुलनेने नव्या नावाने विकल्या जाणाऱ्या जोडीबाबत अधिक चौकशी करणे भाग आहे.

रॉड आणि प्लेट्सचा हिशेब मी आपल्या दुकानदाराच्या भावांवरून करतो. नटांसह एक रॉड साधारण दोन किलोचा असतो असे धरू. प्रत्येक डंबेलसाठी पाच, अडीच आणि सव्वा किलोच्या दोन-दोन प्लेट्स घेतल्या, तर साडेचार, सात, साडेनऊ, बारा, साडेचौदा, सतरा आणि साडेएकोणीस किलो एवढी वजने तयार होतात. जोडीसाठी ३५ किलो प्लेट्सचे ४,५५० रुपये आणि रॉडचे ९०० रुपये, असे एकूण ५,४५० रुपये होतात. यात वेळ जातो तो नट काढून प्लेट बदलण्यात, आणि दोघे आळीपाळीने व्यायाम करत असतील तर हा त्रास खरोखर कंटाळवाणा होतो. त्यावर सरळ उपाय असा, की पत्नींसाठी रॉडची दुसरी जोडी घ्यावी आणि तिच्यासाठी एक किलोच्या चार व सव्वा किलोच्या चार प्लेट्स वेगळ्या ठेवाव्यात. त्यांतून चार, साडेचार आणि साडेसहा किलोचे डंबेल होतात आणि मोकळा रॉड दोन किलोचा असतोच. मधल्या टप्प्यांसाठी अर्धा किलोच्या प्लेट्स मिळाल्या तर त्याही घ्याव्यात, खर्च किरकोळ आहे. दुसऱ्या जोडीचे २,०७० रुपये आणि रबरी चटईचे १,२०० रुपये धरून सगळे मिळून ८,७२० रुपये होतात. दोघांना एकाच वेळी व्यायाम करता येणे ही सोय चकतीच्या एका जोडीत मिळत नाही. व्यायामाचा बाक आत्ता घेऊ नये. छातीचे व्यायाम काही महिने जमिनीवर पाठ टेकून करता येतात.

आपली हजेरी महिन्याला पाच दिवस धरली, तर १४,००० रुपयांच्या फीमध्ये जिमचा एक दिवस आपल्याला २३३ रुपयांना पडतो. त्याच हजेरीने घरी व्यायाम केला, तर प्लेट्सचा खर्च आठव्या महिन्यात वसूल होतो. चकतीच्या डंबेलला चटईसह २२ महिने लागतात. हजेरी वाढेल असे गृहीत धरून मी हिशेब करत नाही, कारण नवी वस्तू घरात आल्याने सवय बदलते असा अनुभव सल्लागार म्हणून मला फारसा आलेला नाही. म्हणून एक विनंती आहे. जिमची मुदत संपायला महिना आहे, तेवढ्यात काहीही विकत न घेता आठवड्यातून तीन दिवस घरी जोर, बैठका आणि पाठीवर भरलेली पिशवी घेऊन पायऱ्या चढणे एवढे करावे आणि प्रत्येक दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सुचवते, त्यामुळे महिनाअखेर आठ खुणा दिसल्या तरी मी खरेदीला होकार देईन. त्याहून कमी असतील, तर जिम आणि डंबेल दोन्ही थांबवावेत. जिमच चालू ठेवण्याचे ठरले, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा फी त्यानुसार उतरली आहे का, हे नक्की विचारावे.

पैशांची मांडणी अशी करावी. कार्डाचे १८,४०० आणि साहित्याचे ८,७२० मिळून २७,१२० रुपये लागतात. जिमसाठी ठेवलेले १४,००० रुपये त्यात वापरावेत आणि उरलेले १३,१२० रुपये मुदत ठेवीतून काढावेत. ठेवीचा काही भागच मोडता येतो का आणि मुदतपूर्व मोडल्यास व्याज किती कमी मिळते, हे बँकेत आधी विचारून घ्यावे. कार्डाची रक्कम याच आठवड्यात भरावी, त्यासाठी महिनाभराच्या प्रयोगाची वाट पाहू नये. हप्त्याला देण्याची तयारी असलेले ४,००० रुपये पुढे दरमहा आवर्ती ठेवीत टाकले, तर चौथ्या महिन्यात ठेवीतून काढलेली रक्कम भरून निघते. त्यानंतरही ते चालू ठेवावेत, कारण आपला महिन्याचा एकूण खर्च ५७,३०० रुपये आहे आणि ८५,००० रुपयांत तो दीड महिनाही चालत नाही. गृहकर्ज असलेल्या घरात निदान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे १,७२,००० रुपये, हाताशी असावा असा माझा आग्रह आहे. तेवढा निधी झाला, कार्डावर काही थकले नसले आणि प्लेट्स बदलण्यात वेळ जातो अशी तक्रार तेव्हाही राहिली, तर चकतीचे डंबेल रोखीने जरूर घ्यावेत. तोवर वापरलेल्या प्लेट्स किलोच्या भावाने विकता येतात, हाही त्यांचा एक फायदा आहे.

आपण याला गुंतवणूक म्हणावे का, असे विचारले आहे. आरोग्यासाठी हा खर्च रास्त आहे, पण त्याची नोंद घरखर्चातच करावी; परताव्याची अपेक्षा धरली की अधिक महाग वस्तू घेण्याला समर्थन सापडते. करसवलत मिळत नाही. आयकरातील आरोग्याशी संबंधित वजावट (१९६१ च्या कायद्यातील कलम ८० डी) प्रामुख्याने आरोग्य विम्याचा हप्ता आणि ठरावीक मर्यादेपर्यंत प्रतिबंधात्मक तपासणी यांसाठी आहे, तीही जुनी करप्रणाली निवडल्यास. व्यायामाचे साहित्य तिच्यात बसत नाही.

खरेदीच्या वेळी रॉड आणि प्लेट्स एकाच दुकानातून घ्याव्यात, कारण रॉडच्या जाडीत आणि प्लेटच्या भोकात फरक असतो आणि सैल बसलेली प्लेट प्रत्येक उचलीला खडखडते. नटाच्या आत रबरी वायसर आहे का हे बोट घालून पाहावे. तो नसेल तर नट हळूहळू फिरत सैल होतो, आणि डोक्यावर वजन उचलताना ते धोक्याचे आहे. वायसर असला तरी प्रत्येक सेटपूर्वी नट आवळावा. प्लेटवर कोरलेले वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत तफावत असू शकते, म्हणून दुकानातल्या काट्यावर एक-दोन प्लेट्स तोलून घ्याव्यात. डोंबिवलीच्या पावसाळी दमट हवेत रॉडचे आटे गंजतात; जून ते सप्टेंबरमध्ये त्यांवर महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवावा आणि साहित्य बाल्कनीत ठेवू नये. जीएसटीचे बिल घ्यावे. पुढे कधी आयात केलेले डंबेल घेतलेत, तर वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. तो नसेल तर वस्तू घेऊ नये, आणि विक्रीनंतर दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पत्नींनी वजने कोणत्या टप्प्याने वाढवावीत, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवावे, आणि त्यांच्या वाट्याच्या छोट्या प्लेट्स त्या सल्ल्यानंतरच घ्याव्यात.