‘स्वखुशीने’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी अकरा वर्षं शिलाईला आहे. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून मालक राजीनामा मागतायत. आठ दिवसांपासून मशिन काढून घेतलंय, दाराजवळ नुसतं बसवून ठेवतात. ‘राजीनामा दे, नाहीतर ग्रॅच्युइटी विसर,’ असं सुपरवायझर म्हणतात. शेजारच्या मशिनवरच्या बाईंनी परवा सही केली. मी काय करू?

उत्तर : ताई, सही करू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मजकूर टाइप केलेला आहे, तारखेची जागा कोरी आहे आणि पहिल्याच ओळीत ‘स्वखुशीने’ असं आहे. सगळा खटाटोप त्या एका शब्दासाठी चाललाय. काम नाही म्हणून मालकाने काढलं तर ती कामगारकपात ठरते. मग एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. राजीनामा दिलात की या भरपाईवर पाणी सोडावं लागेल.

ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांची, धमकी मात्र पोकळ आहे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात पाच वर्षं भरली की तुम्ही राजीनामा द्या किंवा काम नाही म्हणून मालक काढून टाकोत, ती मिळतेच. तुमचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये. महिन्याचे कामाचे दिवस 26 धरतात, म्हणून त्याला 26 ने भागलं की रोजचे 500. गुणिले दर वर्षाचे 15 दिवस, गुणिले 11 वर्षं, म्हणजे 82,500 रुपये.

रोज वेळेवर जा, हजेरी लावा. सगळ्यांसमोर रिकामं बसणं जिव्हारी लागतं, मला कळतं. पण वैतागून घरी थांबलात तर ‘बाईंनी येणं सोडलं’ असं लिहायला ते मोकळे. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी ‘मी कामाला तयार आहे’ असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. पीएफचं पासबुक, ईएसआयसी कार्ड, पगार जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी घरी काढून ठेवा.

काढलंच तर कामगार आयुक्तांच्या सोलापुरातल्या कार्यालयात तक्रार द्या. 45 दिवसांत तडजोड झाली नाही तर पुढे दावा करता येतो. वकिलाच्या फीची चिंता नको. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

शेजारच्या बाईंनाही सोबत न्या. दबावाखाली घेतलेली संमती 1872 च्या करार कायद्यानुसार रद्द करून घेता येते, पण दबाव होता हे त्यांना सिद्ध करावं लागेल. म्हणून ‘सही धमकावून घेतली, राजीनामा मागे घेते’ हे पत्र त्यांनी उद्याच टाकावं. महिनाभराने लिहिलेल्या पत्रावर विश्वास बसवणं फार अवघड जातं.