पाठ दुखत नसतानाही दर महिन्याला कायरोप्रॅक्टरकडे जावं का?

माझं उत्तर: नाही. कायरोप्रॅक्टर म्हणजे हातांनी मणके आणि सांधे दाबून, झटका देऊन उपचार करणारा. ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी सुरू केली. कंबरदुखीत तिचा थोडाफार उपयोग होतो. अमेरिकी फिजिशियन संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही तिचा उल्लेख आहे. पण तिने निरोगी माणसाचे पुढचे आजार टळतात, याला भक्कम पुरावा नाही. झटका देताना येणारा तो ‘कट्’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा, मणका जागेवर बसल्याचा नव्हे!

मान झटक्यात फिरवू देऊ नका, कळकळीने सांगतो. क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यापेक्षा रोज चाला, पाठीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.