शेवट किती, हा प्रश्न नंतर

अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हिज्युअल नॉव्हेलचा, म्हणजे वाचत वाचत निवडी करायच्या गेमचा, आराखडा मिळाला. आंबोली घाटात दरड कोसळून अडकलेली रात्रीची एसटी, आत सात प्रवासी, ड्रायव्हर-कंडक्टर, आणि चोवीस शेवट. कल्पना झकास आहे. शेवटांचा आकडा वाचून मात्र मला धाप लागली. ‘चोवीस पुरेत का?’ असं तू विचारलंयस. उत्तर देते, पण आधी थोडं जपानला जाऊन येऊ. ज्या गेम्सनी तुला हा नाद लावला, त्यांच्या लेखकांनी हे गणित चाळीस वर्षं सोडवलंय.

१९८३ मध्ये युजी होरिई यांनी ‘पोर्टोपिया रेन्झोकु सात्सुजिन जिकेन’ हा खुनाच्या तपासाचा गेम केला. कोबे शहर, बंद खोलीत मेलेला एक सावकारी कंपनीचा मालक, सोबतीला यासू नावाचा मदतनीस. संगणकावर आज्ञा टाइप करायच्या. दोन वर्षांनी तोच गेम फॅमिकॉमवर, निन्टेंडोच्या घरगुती गेमयंत्रावर, आला तेव्हा हाताशी कीबोर्ड नव्हता, आज्ञांची यादीच पडद्यावर आली. ती आवृत्ती बनवणाऱ्या चुनसॉफ्ट कंपनीनं पुढे १९९२ मध्ये ‘ओतोगिरिसो’ आणि १९९४ मध्ये ‘कामाइताची नो योरु’ काढला. तुझ्यासाठी महत्त्वाचा हा शेवटचा, कारण तुझी एसटी आणि त्यांचं लॉज सख्खी भावंडं आहेत.

बर्फाच्या वादळात अडकलेलं स्कीइंगच्या गावचं छोटंसं लॉज. तरुण तोरू आणि त्याची मैत्रीण मारी. बाकीचे पाहुणे. ‘आज रात्री बारा वाजता कोणीतरी मरेल’ अशी चिठ्ठी सापडते. माणसांची चित्रं नाहीतच, नुसत्या निळसर सावल्या. लेखक ताकेमारु आबिको हे आधीपासूनच रहस्यकथाकार, त्यामुळे कोडं पक्कं. गंमत पुढे आहे. ठरावीक जागी गेम तुला विचारतो, खुनी कोण? आणि पर्याय देत नाही. नाव तुलाच टाइप करायचं. चुकलीस, की रात्र पुढे सरकते, आणखी माणसं मरतात, बहुतेक वेळा तोरूही. मग पुन्हा पहिल्यापासून.

आता बघ काय होतं. दुसऱ्या खेपेला जेवणाच्या टेबलावर तेच संवाद येतात. तोरूला काही माहीत नाही, तो मारीशी गप्पा मारतोय. तू मात्र पाच मृत्यू बघून आलेली आहेस. समोरचा माणूस हसून बोलतो आणि तुझ्या अंगावर काटा येतो. वाक्य एका अक्षरानंही बदललेलं नाही, बदललेली आहेस ती तू.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. फाटे फुटणाऱ्या कथेत एका वाटेवर कळलेलं दुसऱ्या वाटेवर बोचलं पाहिजे. तसं होत नसेल तर चोवीस शेवट म्हणजे चोवीस सुट्या गोष्टी, आणि सुट्या गोष्टी वाचायला लोक दिवाळी अंक घेतात.

चांगल्या लेखकांनी हे नाना तऱ्हांनी साधलंय. ‘फेट/स्टे नाइट’ (२००४) मध्ये तीन मोठ्या वाटा आहेत आणि त्यांचा क्रम वाचकाच्या हातात ठेवलेलाच नाही. पहिली संपल्याशिवाय दुसरी उघडत नाही. कारण दुसऱ्या वाटेवरचा धक्का पहिल्या वाटेवर झालेल्या समजावर उभा आहे. कोतारो उचिकोशी यांच्या ‘नाइन अवर्स, नाइन पर्सन्स, नाइन डोअर्स’ (२००९) मध्ये खरा शेवट गाठायला आधी एक ठरावीक दुसरा शेवट बघावाच लागतो, आणि त्याला कथेतच कारण दिलंय. ते कारण मी सांगणार नाही, तू अजून खेळलेली नाहीस. ‘४२८’ (२००८) मध्ये शिबुया भागातला एकच दिवस आहे, सकाळी दहा ते रात्री आठ, आणि पाच मुख्य पात्रं. एकाच्या क्षुल्लक निर्णयानं दुसऱ्याची गोष्ट अकाली संपते. मग तू पहिल्याकडे परत जाऊन त्याचा निर्णय बदलायचा. तिथे फुकट गेलेला शेवट नसतोच, प्रत्येक शेवट कुणाची तरी चूक दाखवतो.

‘स्टाइन्स;गेट’ (२००९) तुझा आवडता, म्हणून त्यावर थोडं जास्त. त्यात ‘अ की ब’ असा चौकोन पडद्यावर येतच नाही. नायकाच्या मोबाइलवर मेल येतात, मेलमधले काही शब्द अधोरेखित असतात, त्यातला एक निवडून उत्तर पाठवायचं. किंवा पाठवायचं नाही. आपण निर्णय घेतोय हे वाचकाला त्या क्षणी जाणवतही नाही, आणि वागणुकीचा हिशेब मागे चालू असतो. तुझ्या आराखड्यात मात्र दर दोन पानांनी प्रश्न उभा आहे. ‘कंडक्टरशी बोलायचं की खिडकीबाहेर बघायचं?’ अगं, खिडकीबाहेर अंधार आणि धुकं. कोण बघेल? पर्याय तोच खरा, ज्यात काहीतरी गमवावं लागतं.

गणितही बघून घे. प्रत्येक प्रश्नाला दोन फाटे आणि ते कधीच पुन्हा एकत्र न येणारे असतील, तर दहा प्रश्नांनंतर १०२४ वाटा होतात. एवढं कोणीच लिहीत नाही. वाटा फुटतात, दोन-चार प्रसंगांनी पुन्हा एकत्र येतात, आणि मधे काय घडलं याची नोंद तेवढी मागे राहते. या नोंदीला सगळे फ्लॅग म्हणतात. फ्लॅग म्हणजे ‘आजीला पाणी दिलं: हो’, एवढंच. शेवटाकडे जाताना गेम असे पाच-सहा फ्लॅग तपासतो.

चित्रांचा खर्च हा दुसरा मुद्दा. तुला सगळं हलतं हवंय, थेट अॅनिमे, जपानी अॅनिमेशनपटासारखं. १९९८ मध्ये सोनीनं प्लेस्टेशनवर ‘यारुदोरा’ नावाची मालिका काढून नेमकं हेच केलं. एका वर्षात चार गेम, चार ऋतूंवर, अॅनिमेशन ‘प्रॉडक्शन आय.जी.’ या स्टुडिओचं. बघायला देखणेच आहेत. पण तिथे वाचक ज्या वाटेनं जाणारही नाही, तीसुद्धा काढावी लागते, रंगवावी लागते, आवाज द्यावा लागतो. असं काम स्टुडिओच्या जिवावर होतं. तुम्ही दोघी आहात, आणि तुझ्या मैत्रिणीची परीक्षा मार्चमध्ये आहे. म्हणून बाकीचे सगळे करतात तेच करा. प्रत्येक पात्राची एक उभी आकृती, चेहऱ्यावरचे चार भाव, मागची दृश्यं पाच-सहा. बस आतून, बस बाहेरून, दरडीचा ढिगारा, टॉर्चच्या उजेडातला रस्ता. मोठं, पूर्ण चित्र फक्त त्या तीन-चार क्षणांसाठी राखून ठेवा, जे वाचकाच्या डोक्यातून जाऊ नयेत.

आता तुझ्याच गोष्टीवर येते. तिसऱ्या सीटवरची आजी मांडीवर बोचकं घट्ट धरून बसलीय. एका वाटेवर तिच्याशेजारी बसल्यावर कळतं की त्यात मुलाच्या अस्थी आहेत. तो प्रसंग तू फार छान लिहिलायस. आणि मग त्याचं काहीच केलं नाहीस! दुसऱ्या वाटेवर कंडक्टर ओरडतो, ‘सामान टाका खाली, गाडी हलकी करायचीय.’ तिथे आजी गप्प बसते, प्रवासी एकेक पिशवी बाहेर देतात, आणि तू पुढच्या प्रसंगाकडे पळतेस. अगं, थांब ना तिथे. ज्यानं पहिली वाट वाचलीय त्याचा जीव आत्ता कासावीस झालाय. नायिकेला बोचक्यात काय आहे हे माहीत नाही, वाचकाला आहे. त्याला ओरडून सांगायचंय आणि सांगता येत नाही. इथे एक पर्याय दे, एकच. बोचकं तिच्या हातातून घ्यायला नायिकेनं हात पुढे करायचा की नाही.

आणि एक तांत्रिक खुबी. या गेम्समध्ये वाचून झालेला मजकूर भराभर पुढे पळवायची सोय असते, आणि न वाचलेली ओळ आली की पळणं आपोआप थांबतं. म्हणजे ओळखीच्या प्रसंगात तू एकच ओळ बदललीस, तर गेम नेमका त्या ओळीवर थांबून उभा राहतो. रेन’पाय या असे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयारच मिळते. मात्र शब्द बदलायला त्याच ओळीत व्हेरिएबल (बदलत्या मजकुराची जागा) घालू नकोस, कारण ती ओळ वाचलेलीच धरली जाते. ‘इफ’ (‘जर असं असेल तर’) या अटीखाली वेगळी ओळ लिही. रेन’पाय फुकट आहे, २००४ पासून चालू आहे, पण आवृत्ती नवीच घे. जुन्या आवृत्त्यांत आपली जोडाक्षरं फुटतात. पहिल्याच दिवशी ‘राष्ट्र’, ‘ज्ञान’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द पडद्यावर टाकून बघ.

जपानीबद्दल विचारलंस तर, एन-फोर ही जपानीची सुरुवातीची परीक्षा झाल्या झाल्या ‘फेट’ला हात घालू नकोस. कांजींखाली, त्या चिनी चित्राक्षरांखाली, चिरडली जाशील. रोजच्या शाळा-घरातली, संवादांना आवाज असलेली एखादी साधी गोष्ट घे. मागचे संवाद उघडून तेच वाक्य हवं तितक्या वेळा ऐकता येतं, पुण्यातल्या कुठल्याही क्लासात इतका धीर कुणाला नाही. या प्रकारच्या बऱ्याच गेम्सच्या मूळ संगणक-आवृत्त्या प्रौढांसाठी होत्या, ‘फेट’चीही. सर्वांसाठी म्हणून पुढे निघालेल्या आवृत्त्या घे, त्यात कथेचं फारसं काही बिघडत नाही.

तर चोवीसचे पाच कर. पाचांतले दोन असे हवेत, की तिथवर आधीचे तीन वाचल्याशिवाय पोचताच येणार नाही. आधी दुसऱ्या फेरीतली बस लिही, पहिली मग सोपी जाईल. बोचक्याचा प्रसंग मला दोन्ही वाटांवरून लिहून पाठव, बाकीचं नंतर बघू. आणि कंडक्टरचं नाव एका पानावर शिंदे आहे, दुसऱ्यावर सावंत. काय ते ठरव.